मोटर बदलण्याआधी पाइपातलं घर्षण मोजा

माझ्या मामांचं शेत लातूरच्या औसा तालुक्यात आहे. विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत ६०० मीटर पाइपलाइन, ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि ५ एचपीची मोटर. दोनशे लिटरचं टिपाड भरायला ४५ सेकंद लागायचे. मामा म्हणाले, "मोटर चालायली चांगली, पण वर पाणीच कमी यायलंय." मग त्यांनी साडेसातची मोटर बसवली. टिपाड ३७ सेकंदांत भरायला लागलं. मोटरीची ताकद दीडपट झाली, पाणी वाढलं जेमतेम एक पंचमांश. बाकीची ताकद कुठे गेली, हे त्यांनी मला विचारलं आणि आम्ही वही घेऊन बांधावर बसलो.

ती ताकद पाइपाच्या भिंतीशी घासण्यात गेली. किती गेली हे आधीच काढता येतं, आणि त्यासाठी दहावीचं गणित आणि फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. हा हिशोब गावागावात व्हावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून तो इथे पायरीपायरीने मांडतो. मामांच्याच लाइनचे आकडे घेतो.

हा घर्षणगुणांक वेगळा आहे

शाळेत लाकडी ठोकळा फळीवर ओढताना जो घर्षणगुणांक शिकलो, तो हा नव्हे. तिथे दोन पदार्थ ठरले की आकडा जवळजवळ ठरला. वाहत्या पाण्याचं तसं नाही. पाइपाचा पदार्थ तोच असला तरी वेग, व्यास किंवा पाण्याचं तापमान बदललं की गुणांक बदलतो. म्हणून "पीव्हीसीचा घर्षणगुणांक किती?" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. पीव्हीसीचा ठरलेला असतो तो आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा. गुणांक आपल्याला काढावा लागतो.

मूळ सूत्र डार्सी आणि वाइसबाख यांच्या नावाचं आहे. वाइसबाखने १८४५ मध्ये ते मांडलं, आणि डार्सीने वेगवेगळ्या पाइपांवर प्रयोग करून भिंतीच्या खडबडीतपणाचा परिणाम दाखवला:

घर्षणहानी (मीटर) = घर्षणगुणांक × (लांबी ÷ आतला व्यास) × (वेगाचा वर्ग ÷ १९.६२)

१९.६२ म्हणजे गुरुत्वत्वरणाची दुप्पट. लांबी आणि व्यास दोन्ही मीटरमध्ये, वेग मीटर प्रति सेकंद. उत्तर मीटरमध्ये येतं आणि त्याचा अर्थ सरळ आहे: मोटरीला पाणी आणखी तेवढे मीटर उंच चढवल्याइतकी मेहनत पडते.

इथे एक इशारा. रसायन अभियांत्रिकीच्या काही पुस्तकांत फॅनिंगचा गुणांक वापरतात. तो डार्सीच्या गुणांकाचा बरोबर चौथा भाग असतो. एका पुस्तकातला तक्ता आणि दुसऱ्यातलं सूत्र एकत्र केलं तर उत्तर चारपट चुकतं. ओळखायची खूण अशी (रेनॉल्ड्स अंक म्हणजे काय ते दुसऱ्या पायरीत येतं): संथ प्रवाहासाठी पुस्तकात "६४ ÷ रेनॉल्ड्स अंक" लिहिलं असेल तर तो डार्सीचा, "१६ ÷ रेनॉल्ड्स अंक" असेल तर फॅनिंगचा.

पहिली पायरी: चार मापं

पाणी किती हवं ते लिटर प्रति सेकंदात लिहा. चालू लाइन असेल तर शेवटच्या टोकाला टिपाड लावून वेळ मोजा. २०० लिटर ४० सेकंदांत भरलं तर ५ लिटर प्रति सेकंद. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या.

लांबी टेपने मोजा. बांधाच्या कडेने वळसा घेतला असेल तर तो वळसाही धरा.

चढ मोजायला गवंड्याची लेव्हल ट्यूब पुरते. पंधरा-वीस मीटरच्या टप्प्यांनी पुढे सरकत जा. मोजणी विहिरीच्या काठापासून नको, मोटर चालू असताना उन्हाळ्यात पाणी जिथवर खाली जातं त्या पातळीपासून हवी. मामांच्या विहिरीत दिवाळीला पाणी काठाला असतं आणि एप्रिलमध्ये तळाशी जातं. हिशोब एप्रिलचा करायचा. त्यांच्याकडे हा चढ २२ मीटर भरला.

चौथं माप आतल्या व्यासाचं, आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात. पीव्हीसी पाइपावर छापलेला ६३, ७५ किंवा ९० हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. सहा किलो दाबाच्या पाइपात आतला व्यास साधारण ५८.५, ७० आणि ८४ मिलिमीटर भरतो. दुकानातच व्हर्नियरने मोजून घ्या. पाच मिलिमीटरचा हा फरक किरकोळ वाटतो, पण ७५ ऐवजी ७० घातले की घर्षण साधारण चाळीस टक्के जास्त येतं.

दुसरी पायरी: वेग आणि रेनॉल्ड्स अंक

७५ चा पाइप घेऊ, आतला व्यास ०.०७० मीटर. छेदाचं क्षेत्रफळ ०.७८५४ × ०.०७ × ०.०७ = ०.००३८५ चौरस मीटर. ५ लिटर म्हणजे ०.००५ घनमीटर, म्हणून वेग ०.००५ ÷ ०.००३८५ = १.३० मीटर प्रति सेकंद.

आता रेनॉल्ड्स अंक. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून पाहिली. वेग कमी असताना धार सरळ राहिली, वेग वाढवल्यावर ती फिसकटून सगळ्या पाण्यात मिसळली. प्रवाह संथ आहे की खळबळता, हे त्याच्या नावाचा अंक सांगतो:

रेनॉल्ड्स अंक = वेग × आतला व्यास ÷ गतिक श्यानता

गतिक श्यानता म्हणजे द्रवाची श्यानता (घट्टपणा) भागिले त्याची घनता. पाण्याची ती २० अंश सेल्सियसला ०.०००००१, ३० अंशाला ०.००००००८ चौरस मीटर प्रति सेकंद. आपल्याकडे ३० अंशाचा आकडा धरायला हरकत नाही. १.३० × ०.०७ ÷ ०.००००००८ म्हणजे साधारण १,१३,७००. दोन हजारांच्या आत संथ, चार हजारांच्या वर खळबळता. शेतातल्या पाइपलाइनमध्ये प्रवाह जवळजवळ नेहमीच खळबळता असतो.

तिसरी पायरी: गुणांक

पीव्हीसी आणि एचडीपीई आतून गुळगुळीत असतात. त्यांच्यासाठी ब्लासियसचं सूत्र पुरतं: ०.३१६ भागिले रेनॉल्ड्स अंकाचं चौथं मूळ. चौथं मूळ म्हणजे फोनवर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबायचं. १,१३,७०० चं एकदा ३३७, पुन्हा १८.३६. ०.३१६ ÷ १८.३६ = ०.०१७२. हे सूत्र एक लाखाच्या आसपासपर्यंत चांगलं चालतं. आपण किंचित पुढे आहोत, म्हणून ०.०१७५ धरू.

घर्षणहानी = ०.०१७५ × (६०० ÷ ०.०७) × (१.३० × १.३० ÷ १९.६२) = साधारण १३ मीटर.

पडताळा हवा असेल तर पाइपवाले वापरतात ते हेझन-विल्यम्सचं सूत्र लावा. पीव्हीसीसाठी त्यातला स्थिरांक १५० धरला तर याच लाइनला १३.८ मीटर येतात. दोन वेगळ्या वाटांनी इतकं जवळ आलो की हिशोब नीट झाला आहे असं समजायचं.

लोखंडी, बिडाचा, सिमेंटचा पाइप असेल तर

इथे भिंतीचा खडबडीतपणा हिशोबात येतो. १९३३ मध्ये निकुराडझेने पाइपांना आतून एकसारख्या आकाराचे वाळूचे कण चिकटवून मोजमापं केली. म्हणूनच आजही खडबडीतपणा "इतक्या मिलिमीटरच्या वाळूसारखा" या अर्थाने दिला जातो. कोलब्रुकने १९३९ मध्ये बाजारात मिळणाऱ्या खऱ्या पाइपांसाठी सूत्र दिलं आणि १९४४ मध्ये मूडीने त्याचा आलेख काढला. कोलब्रुकच्या सूत्रात गुणांक दोन्ही बाजूंना येतो, त्यामुळे अंदाज घेत पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं. ती कटकट स्वामी आणि जैन या भारतीय अभियंत्यांनी १९७६ मध्ये मिटवली. त्यांच्या सूत्राने उत्तर थेट निघतं, म्हणून मी तेच शिकवतो.

आधी दोन आकडे काढा. पहिला: खडबडीतपणा ÷ (३.७ × आतला व्यास), दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा: ५.७४ ÷ रेनॉल्ड्स अंकाचा ०.९ घात. दोघांची बेरीज करा, तिचा दहाच्या पायाचा लॉग घ्या, त्याचा वर्ग करा, आणि ०.२५ ला त्या वर्गाने भागा. फोन आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरांत लॉग आणि घाताची बटणं दिसतात.

नव्या पाइपांचा खडबडीतपणा असा धरतात: पीव्हीसी ०.००१५ मिलिमीटर, साधं पोलाद ०.०४५, जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) ०.१५, बीड ०.२६. सिमेंट काँक्रीटचा साच्यावर आणि कारागिरीवर अवलंबून ०.३ पासून ३ पर्यंत जातो.

तीच ६०० मीटरची लाइन ७० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नव्या जीआय पाइपाची असती तर? पहिला आकडा ०.०००५७९, दुसरा ०.०००१६२, बेरीज ०.०००७४१. लॉग उणे ३.१३, वर्ग ९.८०, गुणांक ०.०२५५. घर्षणहानी १८.८ मीटर, म्हणजे पीव्हीसीपेक्षा जवळजवळ सहा मीटर जास्त. तोच पाइप गंजून खडबडीतपणा १ मिलिमीटरवर गेला तर गुणांक ०.०४३६ होतो आणि हानी ३२ मीटर. मूळ चढच २२ मीटरचा आहे, हे लक्षात घ्या. गंजाने व्यास कमी होतो तो वेगळाच: ७० चा ६५ झाला की घर्षण आणखी ४५ टक्के वाढतं.

क्षार साचणंही तसंच. आपल्याकडे अनेक विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड असतं. भांड्यांना पांढरा थर धरतो, तसाच पाइपालाही आतून धरतो. पीव्हीसी गंजत नाही हे खरं, पण थर धरलेल्या पीव्हीसीची भिंत पीव्हीसीची राहत नाही, चुन्याची होते. तक्त्यातला ०.००१५ मग त्या पाइपाला लागू पडत नाही.

आता याची उलटी बाजू, कारण ती कळली की गुणांक नीट समजतो. साखर कारखान्यातली मळी (मोलॅसिस) घ्या. तिची श्यानता ८ पास्कल-सेकंद आणि घनता १४०० किलो प्रति घनमीटर धरू. १०० मिलिमीटरच्या पाइपातून ती ०.३ मीटर प्रति सेकंदाने गेली तर रेनॉल्ड्स अंक फक्त ५ च्या आसपास येतो. प्रवाह संथ, म्हणून गुणांक ६४ ÷ रेनॉल्ड्स अंक, म्हणजे साधारण १२. पाण्याच्या ०.०१७५ शी तुलना करा. आणि संथ प्रवाहात भिंतीच्या खडबडीतपणाचा या सूत्रात उल्लेखही नाही. तिथे गुळगुळीत महागडा पाइप घेऊन काही साधत नाही. मळी गरम करून पातळ केली, किंवा पाइप मोठा घेतला, तरच फरक पडतो.

चौथी पायरी: तीन पाइप शेजारी ठेवा

५ लिटर प्रति सेकंद, ६०० मीटर, पीव्हीसी:

६३ चा पाइप: वेग १.८६ मीटर, गुणांक ०.०१७०, हानी साधारण ३१ मीटर.
७५ चा पाइप: वेग १.३० मीटर, गुणांक ०.०१७५, हानी साधारण १३ मीटर.
९० चा पाइप: वेग ०.९० मीटर, गुणांक ०.०१८२, हानी साधारण ५.४ मीटर.

हे तीन आकडे मामांनी दोनदा वाचले. पाइप मोठा होतो तसा गुणांक किंचित वाढतोय, तरी हानी कोसळतेय. कारण पाणी तेवढंच ठेवलं तर हानी व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलते. म्हणून गुणांकाच्या तिसऱ्या दशांशासाठी डोकं शिणवू नका. सगळं लक्ष आतल्या व्यासाच्या मापावर ठेवा.

मी साधारण दीड मीटर प्रति सेकंदाच्या आतला वेग धरतो. लांब लाइनला एक-सव्वा मीटरच बरा.

पाचवी पायरी: एल्बो, व्हॉल्व्ह आणि एचपी

प्रत्येक वळणाची आणि व्हॉल्व्हची हानी एका गुणकाने मोजतात आणि त्याला वेगाचा वर्ग ÷ १९.६२ याने गुणतात. एल्बोला साधारण ०.९, जाळीसकट फूट व्हॉल्व्हला २.५, नॉन-रिटर्नला २.५, पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हला ०.२, शेवटच्या तोंडाला १. चार एल्बो धरून मामांची बेरीज ९.८ आली. ७५ च्या पाइपात ती ०.८ मीटर होते, ६३ मध्ये १.७. लांब लाइनमध्ये ही रक्कम लहान असते. पण शेततळ्यातून शेजारच्या वाफ्यात पाणी घेताना पाइप २० मीटरचा आणि एल्बो सहा असतील, तर हीच रक्कम मोठी ठरते.

एकूण उंची = चढ + घर्षणहानी + वळणांची हानी. मग

एचपी = लिटर प्रति सेकंद × एकूण उंची ÷ (७६ × पंपाची कार्यक्षमता)

पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर ६३ च्या पाइपाला ५ × ५४.४ ÷ ४१.८ = ६.५ एचपी लागतात, ७५ ला ४.३ आणि ९० ला ३.३.

मामांचा प्रश्न इथे सुटला. जुनी ५ एचपीची मोटर ठेवून फक्त पाइप ७५ चा केला असता तर साधारण साडेपाच लिटर पाणी आलं असतं. साडेसातच्या मोटरीने ६३ च्या पाइपातून मिळालं ते त्याहून थोडं कमीच. मोटरीचा खर्च एकदाच झाला, वाढीव वीज मात्र दर आवर्तनाला जाते.

सौर पंप घेणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत जमिनीच्या क्षेत्रावरून ३, ५ किंवा ७.५ एचपी ठरतात. तिथे मोटर वाढवणं आपल्या हातात नसतं, पाइपाचा व्यास असतो. सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं असताना मिळणारी थोडी ताकद घर्षणात गेली की वर पाणी चढतच नाही.

काठावर बसवलेल्या मोटरीच्या सक्शनबद्दल एवढंच: आपण समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर आहोत, हवेचा दाब साडेनऊ ते पावणेदहा मीटर पाण्याइतका. व्यवहारात सहा-सात मीटरपेक्षा जास्त ओढ मिळत नाही आणि सक्शन पाइपातलं घर्षणही त्यातूनच वजा होतं. सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा ठेवा.

पाइप पुरताना

करवतीने कापलेल्या तोंडाची आतली कड कानसीने साफ करा. सॉल्व्हंट भरपूर लावलं की जास्तीचं आत ढकललं जातं आणि तिथे कडं तयार होतं. ६०० मीटरच्या लाइनला सहा मीटरचे शंभर पाइप लागतात, म्हणजे अशी शंभर कडी.

काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पुरलेली लाइन तिच्याबरोबर वरखाली होते, उंचवट्यावर हवा अडकते आणि पाण्याला जायला अर्धाच पाइप उरतो. तीन फूट खोल घ्या, खाली मऊ माती पसरा आणि प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवा. हवा अडकलेल्या लाइनला वरचा कुठलाही हिशोब लागू पडत नाही.

ठिबकची नळी

१६ मिलिमीटरच्या लॅटरलमध्ये पाणी वाटेत गळत जातं, म्हणून शेवटाकडे वेग कमी होतो. आधी सगळं पाणी टोकापर्यंत जातंय असं समजून हानी काढा आणि ड्रिपर पुष्कळ असतील तर ०.३६ ने गुणा. आतला व्यास १४ मिलिमीटर, ४० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर, लांबी ६० मीटर: वेग १.०८, रेनॉल्ड्स अंक १९,०००, गुणांक ०.०२७, पूर्ण हानी ६.९ मीटर, ०.३६ ने गुणल्यावर अडीच मीटर. ठिबक १० मीटर दाबावर चालतं, म्हणजे शेवटच्या झाडापाशी दाब पाव भागाने कमी. दोन मीटरच्या वर फरक जाऊ द्यायचा नसतो. लांबी ५० मीटर केली की हानी दीड मीटरवर येते. मोसंबीच्या बागेत शेवटच्या ओळी पिवळ्या पडत असतील तर खत वाढवण्याआधी हे मोजून बघा.

जुन्या लाइनचा स्वतःचा गुणांक

सुरुवातीला आणि शेवटाकडे, सरळ भागात, दोन प्रेशर गेज बसवा. शेवटचा व्हॉल्व्ह बंद करून दोन्ही गेजांतला फरक चढाशी जुळतो का ते आधी पाहा. नाही जुळला तर गेज बदला. १ किलो दाब म्हणजे १० मीटर पाणी.

समजा २०० मीटरच्या तुकड्यात, ७० मिलिमीटर व्यासात, १.३० मीटर वेगाला गेजांवर २.१ आणि ०.९ किलो दिसतात आणि दुसरं टोक ४ मीटर उंच आहे. फरक १२ मीटर, त्यातले चढाचे ४ वजा, घर्षणाचे ८. गुणांक = ८ × ०.०७ ÷ (२०० × ०.०८६) = ०.०३२५. नव्या पाइपाचा ०.०१७५ असायला हवा होता. हा सगळा फरक व्यास घटल्यामुळे असेल तर आतला व्यास साधारण ६२ मिलिमीटर उरला आहे, म्हणजे चहूबाजूंनी चार मिलिमीटरचा थर.

मामांनी गेल्या उन्हाळ्यात लाइन ७५ ची केली आणि दोन्ही गेज कायमचे ठेवले. स्टार्टरच्या पेटीत आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: तारीख, वरचा दाब, खालचा दाब, टिपाडाचे सेकंद. पोळ्याला आणि संक्रांतीला नोंद करतात. परवाच्या नोंदीत टिपाड साडेसदतीस सेकंदांत भरलं, पाचच्या जुन्या मोटरीवर. साडेसातची त्यांनी विकून टाकली.